बायोची ओटी

लोटलीकर वाडीच्या विहिरीत एक मोठा मासा आहे, हे गिरगावात बऱ्याच जणांना माहीत होतं. तो मासा कुणाचा, हे वाडीला माहीत होतं. आता त्याचं करायचं काय, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. दौलत सकपाळला तर अजिबातच नव्हतं, आणि नेमकं त्यालाच ते ठरवायचं होतं.

दौलतला तसं आयुष्यात फारसं काही पहिल्या झटक्यात कळलेलं नाही. नाटकांच्या दौऱ्यांवर लाइट लावण्यात त्याची हयात गेली. अमुक नाटकाचा शेवट काय होतो असं कुणी विचारलं, की तो अगदी प्रामाणिकपणे सांगायचा, "शेवटी मी अंधार करतो." बाकीचं बघायला त्याला फुरसत नसे. काम सुटल्यावर मात्र फुरसतच फुरसत झाली, आणि इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून न दिसलेल्या गोष्टी एकेक करून दिसायला लागल्या. बायो त्यांतलीच एक.

बायो हे त्या माशाचं नाव. ते ठेवलं शेवंतीनं, दौलतच्या बायकोनं. रोज सकाळी पोळ्यांचे डबे देऊन झाले की शेवंती विहिरीच्या कठड्याशी जायची, जाळीचं दार उघडायची, उरलेल्या पोळीचे तुकडे टाकायची आणि "बायो, ये गो" म्हणून हाक मारायची. काळ्या पाण्यातून एक सोनेरी पाठ वर यायची. रुपयाएवढी खवलं, जाड ओठ, आणि चेहऱ्यावर कायम नुकतंच कुणावर तरी रागावल्याचा भाव. वाडीतली पोरंटोरं, म्हातारेकोतारे, दुकानात जाणारे येणारे, सगळेच तिला काही ना काही घालायचे. चुरमुरे, शेव, गणपतीत मोदक. वाडीत कधीच उपाशी न राहणारा एकच जीव तो, असं आनंदीबाई म्हणायच्या. आनंदीबाई वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, आणि तोंडानं सगळ्यांत फटकळ.

तर त्या आषाढात बिल्डरचा माणूस निमेश दौलतच्या दारात आला. वाडी पाडून टॉवर उठणार हे सगळ्यांना कधीचं ठाऊक होतं, सह्या झाल्या होत्या, माणसं कॉटन ग्रीनच्या संक्रमण शिबिरात हलायला लागली होती. दौलतला तिथे सातव्या मजल्यावर खोली मिळाली होती. ती बघायला गेले तेव्हा शेवंतीनं हवा पाहिली नाही, उजेड पाहिला नाही. पहिला प्रश्न तिनं विचारला, "इथं हौद कुठाय?"

"काका, ते फिश तुमचं ना?" निमेश म्हणाला. "श्रावणाच्या आत विहीर भरायचीय. मशीन तिथंच उभं राहणार. तुम्ही बोला, मी माणूस पाठवतो, काढून देतो. चांगला मोठा पीस आहे, खायचं असेल तर..."

बोलता बोलता त्याची नजर शेवंतीकडे गेली. पोरगा वाईट नव्हता. चपला घालता घालता तो दौलतला हळूच म्हणाला, "सॉरी काका. मला वाटलं, फक्त मासा आहे."

फक्त मासा नव्हता तो, ही तर अडचण होती.

सकपाळांचं गाव महाडच्या वरच्या अंगाला, कोंडाळे. गावाखाली नदीला खोल डोह, म्हणजे कोंड, आहे आणि काठावर कोंडजाईचं देऊळ. त्या डोहातल्या खडस माशांना कुणी हात लावत नाही, ते देवीचे. आषाढात नदी चढली की हे मासे डोह सोडतात आणि लोंढ्याच्या उलट दिशेनं वर जातात, दगडांवरून उड्या मारत, पार रानातल्या निवळ पाण्याच्या झऱ्यांपर्यंत. तिथे अंडी घालतात आणि पाणी ओसरायच्या आत परत येतात. गावात म्हणतात, मासे माहेरी गेले. ते परत येईस्तोवर नदीत जाळं पडत नाही.

आणि याच गावची एक रीत आहे. जिची मांडी भरत नाही, तिच्या ओटीत गुरव कोंडातलं बोटभर पिल्लू घालतो. तिनं ते आपल्या घरच्या पाण्यात वाढवायचं. दर आषाढात, डोहातले मासे वर जातात त्या दिवसांत, त्याची ओटी भरायची, तांदूळ, खोबऱ्याचा तुकडा, हळदकुंकू, सगळं पाण्यात सोडायचं. आणि मूल झालं की ते मांडीवर घेऊन देवळाच्या पायरीवर बसायचं आणि मासा परत कोंडात सोडायचा. मासा देवीचा देवीला, मूल आईचं आईला.

शेवंतीचं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. मुलगी की मुलगा, ते दौलतनं विचारलं नाही आणि तिला कुणी सांगितलं नाही. त्या वेळी असंच असायचं, नर्स काहीतरी कपड्यात गुंडाळून घेऊन गेली आणि परत आली ती रिकाम्या हातांनी. पुढच्याच आषाढात सासूबाई तिला कोंडाळ्याला घेऊन गेल्या. शेवंती एसटीनं मुंबईला परतली तेव्हा तिच्या मांडीवर दुधाची किटली होती. सबंध घाट ती किटलीत डोकावत आली. वाडीला विहीर होती म्हणून बरं.

त्याला वीस-बावीस वर्षं झाली. मासा वाढला. मूल काही झालं नाही.

रीत सांगणाऱ्यांनी इथवरच सांगितलं होतं. मांडी भरलीच नाही तर माशाचं काय, हे कोंडाळ्यात कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दौलतनं गावी फोन लावला. जुना गुरव वारला होता, आता देवळाचं त्याचा मुलगा आनंदा बघत होता.

"असं आमच्यात कधी झालं नाय, दौलतदादा," आनंदा म्हणाला. "म्हंजे मासा परत नाय आला असं झालंय. तो मेला असंल, नायतर खाल्ला असंल कुणी. पण मासा हाय आनि पोर नाय, असं... बाबांना ठाव असतं."

"बाबा नाहीत ना पण."

"नायत. मी विचारून सांगतो."

"कुणाला विचारणार?"

आनंदानं बराच विचार केला. "ते पन बघतो," म्हणाला.

चार दिवसांनी त्याचाच फोन आला. गावात दोन तट पडले होते. एक म्हणत होते, मासा देवीचा, कसाही आला तरी आला पाहिजे. दुसरे म्हणत होते, रिकाम्या मांडीनं मासा परत केला तर देवीचं देणं तिच्या तोंडावर फेकल्यासारखं होईल. आनंदाचं स्वतःचं मत विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की त्याला दोघांचंही पटतं. दौलतनं फोन ठेवला तेव्हा तो आधी होता त्याहून जास्त गोंधळलेला होता.

शेवंतीचं मात्र पक्कं होतं.

"रिकाम्या मांडीनं मी त्या पायरीवर बसणार नाही," ती म्हणाली. "बावीस वर्षं बायकांनी विचारायचं सोडलं नाही, काय गो, मासा परत केला की नाही. आता या वयात जाऊन सगळ्या गावासमोर सांगू, की नाही जमलं मला? बायो आपल्यासोबत येईल."

"कुठे?"

"कॉटन ग्रीनला."

"सातव्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे ना?"

दौलत गेला आणि एक निळा ड्रम घेऊन आला. तो गॅलरीत ठेवून दोघांनी त्यात डोकावून पाहिलं. बायोची नुसती शेपटी तेवढी त्या ड्रममध्ये मावली असती. शेवंतीनं त्या ड्रममध्ये गहू भरले.

त्या दिवसांत दौलत विहिरीशी बसायला लागला, आणि एक गोष्ट त्याला खटकायला लागली. विहिरीत वरून नळाचं पाणी सोडायची एक सोय होती, टाकीचं जादा पाणी पाइपातून विहिरीत पडायचं. एरवी बायो त्या धारेकडे ढुंकूनही बघायची नाही. पण आषाढ लागला की धार पडल्या पडल्या ती तिथे जायची आणि तोंड धारेत घालून तशीच राहायची. पाणी तिला मागे ढकलायचं, ती पुन्हा पुढे यायची. धार थांबली की ती गोल गोल फिरायची, भिंतीला घासून, पुन्हा पुन्हा. वाडी म्हणायची, आंघोळ करते. दौलतला वाटायला लागलं की ही आंघोळ नव्हे. मग काय, ते त्याला कळत नव्हतं. माणूस दारावर टकटक करून पलीकडून उत्तर न आल्यावर जसा पुन्हा टकटक करतो, तसं ते दिसायचं.

शेवटी त्यानं हरेश्वरला बोलावलं. हरेश्वर वरळी कोळीवाड्याचा, दौलतचा जुना दोस्त, त्याचा माशांचा टेम्पो होता. कोळी माणूस, माशातलं सगळं कळत असणार, असा दौलतचा साधा हिशेब.

हरेश्वरनं जाळीतून डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "यातला मना कळत नाय रे, दौलत. मी खाऱ्या पान्याचा मानूस. पापलेट बोल, घोळ बोल, डोले मिटून सांगतो. ही कोन बाय, तिचं नाव पन मना ठाव नाय." मग तो पुन्हा वाकला. "पन पोट बघ तिचा. गाबोळी भरलीय पक्की."

कठड्याशी बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. ते तर दर आषाढातच व्हायचं. बायोचं पोट वाढायचं, गालांवर पांढरे दाणे उठायचे. मग शेवंती पाण्यात हळद सोडायची, गोवर असो नाहीतर देवी, उतार पडावा म्हणून. बायका म्हणायच्या, भरत आली. श्रावण सरायचा, दाणे जायचे, आणि बायका म्हणायच्या, सुटली वाटतं. पिल्लं मात्र कधी कुणी पाहिली नाहीत. एकदा आनंदीबाई बोलून गेल्या, "तिनंच खाल्ली असतील." त्यानंतर दोन वर्षं शेवंती त्यांच्याशी बोलली नव्हती.

हरेश्वरच्या ओळखीची एक बाई होती, संघमित्रा नावाची. भाऊच्या धक्क्यावर येऊन मासे मोजायची, मापं घ्यायची. पण तिचं खरं शिक्षण गोड्या पाण्यातल्या माशांचं होतं. ती दुसऱ्याच दिवशी आली, बायोला पाहिलं आणि हातातली बॅग तशीच धरून बराच वेळ उभी राहिली.

"काकू, हा इथे जगला कसा?" ती म्हणाली.

"जगली कशी, म्हणा," शेवंती म्हणाली. "जगवली म्हणून जगली."

संघमित्रानं सगळं ऐकून घेतलं, कोंड, गुरव, किटली, रीत. मध्ये एकदाही हसली नाही, त्यामुळे शेवंतीनं तिला चहा दिला. मग तिनं सांगितलं की ड्रममध्ये असा मासा दिवसभरही टिकणार नाही, त्याला वाहतं पाणी लागतं. त्याच्या जातीचे मासे पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर जातात, ते शिकवावं लागत नाही, पाण्याचा जोर अंगाला लागला की ते आपोआप त्याच्याकडे तोंड करतात. दौलतनं घसा खाकरला.

"मग ते धारेत तोंड घालून उभं राहणं..."

"तेच ते, काका. त्याला वर जायचंय."

बावीस आषाढ. त्यातले अर्धेअधिक तो दौऱ्यावर होता, पण उरलेले तरी त्यानं पाहिले होते, आणि आंघोळ म्हणून हसला होता.

"आणि नदीत सोडली तर जगेल?" शेवंतीनं विचारलं.

"नाही सांगता येत," संघमित्रा म्हणाली. "आमच्याकडे मोठ्या टाक्या आहेत, महाडच्या जवळच. तिथे वाहत्या पाण्यात ठेवून तपासू, परवानगीचं मी बघते. मग कोंडात. पण ज्यानं जन्मभर विहीर पाहिली, त्याला नदी कळेल का, हे मला खरंच माहीत नाही. इथे राहिला तर मात्र नक्की मरेल."

शेवंतीनं कप उचलला आणि आत गेली. दौलत तिच्या मागे गेला. ती ओट्याशी उभी होती, परातीत पीठ घेऊन, पण मळत नव्हती.

"लोक माहेरी पाठवतात बाळंतपणाला," ती म्हणाली. "मी तिला इथं कोंडून ठेवली. दर वर्षी तिची पिल्लं पोटातल्या पोटात जिरली असतील हो. आणि मी हळद टाकत बसले."

"तुला काय माहीत होतं?"

"मला नको माहीत असायला? मला?"

दौलतनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "पाठवू तिला. पण मी पायरीवर बसणार नाही. तुम्ही काय ते करा." तो हो म्हणाला. तो कसा बसणार होता, पुरुषानं बसायचं असतं की नाही, हेही त्याला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी सगळी वाडी विहिरीभोवती जमली. पावसाळ्यामुळे पाणी इतकं वर आलं होतं की कठड्यावरून वाकलं तर हात बुडत होता. हरेश्वरनं टेम्पोत पाण्याची टाकी चढवून आणली होती, हवा सोडायच्या यंत्रासकट. तो जाळंही घेऊन आला होता, पण संघमित्रानं त्याला हातच लावू दिला नाही, खवलं निघतात म्हणाली. मऊ कापड पाहिजे होतं. शेवंती घरात गेली आणि आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं घेऊन आली.

ओटीचं ताट तिनं तयारच ठेवलं होतं. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. "आधी तपासू दे," ती म्हणाली, "मग शेवटची ओटी भरते."

दौलतनं पाइपाचा नळ पूर्ण सोडला. धार विहिरीत कोसळायला लागली आणि बायो आली, नेहमीसारखी, तोंड धारेकडे करून. दोन्ही बाजूंनी लुगडं धरून हरेश्वरनं आणि दौलतनं ते तिच्या पोटाखालून अलगद वर घेतलं. ती झटापट करील म्हणून दोघं पाय रोवून उभे होते. तिनं एकदाच शेपटी आपटली, दौलतच्या तोंडावर सगळं पाणी, आणि मग धार तोंडावर होती तोवर ती शांत राहिली. तिला एका मोठ्या टबात घातलं. संघमित्रानं त्या पाण्यात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकले.

"दात दुखतोय का तिचा?" आनंदीबाईंनी विचारलं.

"गुंगी येते थोडी, आजी. त्रास होत नाही."

झोळी काट्याला टांगून वजन झालं. नऊ किलो. मग संघमित्रानं बायोला पाण्यातच कुशीवर वळवलं आणि पोटावरून अंगठा मागच्या बाजूला हळूच फिरवला. सगळ्या बायका पुढे वाकल्या. अंड्यांची पिवळी गाबोळी दिसणार म्हणून हरेश्वरनं मान लांब केली. पाण्यात दुधासारखा पांढरा धागा सुटला आणि पसरला.

संघमित्रानं पुन्हा अंगठा फिरवला. पुन्हा तेच. ती सावकाश सरळ झाली.

"काकू," ती म्हणाली, "हा नर आहे."

कुणालाच काही कळेना. दौलतनं शेवंतीकडे पाहिलं, शेवंतीनं संघमित्राकडे, आनंदीबाईंनी ओटीच्या ताटाकडे. हरेश्वरला मात्र एकदम उमज पडली, आणि ज्या आवाजात तो सकाळी बाजारात माल पुकारायचा त्या आवाजात तो ओरडला, "वहिनी, मुलगा हाय! मुलगा झाला!"

हरेश्वरनं जीभ चावली. आपण काय बोललो ते त्याला नंतर कळलं.

शेवंती उभी होती तिथेच उभी राहिली. एका हातानं तिनं कठडा धरला होता.

"मग पोट?" तिनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

"पोट..." संघमित्रा अडखळली. "तुम्ही सगळ्यांनी मिळून खाऊ घातलंय, काकू. जाडा आहे तो."

"आणि ते दाणे?"

"विणीच्या दिवसांत नराच्या तोंडावर येतात. आजार नाही तो. म्हणजे तो तयार आहे."

"आणि नरही जातात वर?"

"बहुधा तेच आधी पोचतात. माद्या येईपर्यंत वाट बघत थांबतात."

शेवंतीला आधी हसू आलं. पोट धरून हसली ती, इतकी की बाकीच्या बायकाही हसायला लागल्या, बावीस वर्षं आपण एका पुरुषाची ओटी भरली म्हणून, त्याला खण दिले, हळदकुंकू दिलं, भरत आली, सुटली, म्हणून कुजबुजलो म्हणून. दौलतही हसायला लागला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की शेवंती हसत नाहीये. ती रडत होती, आणि ते थांबवायचा तिनं काही प्रयत्न केला नाही.

"कुणी सांगितलंच नव्हतं हो मला," ती दौलतला म्हणाली. "त्या वेळी. मुलगा का मुलगी. एवढं सुद्धा सांगितलं नव्हतं."

दौलतला हे माहीत होतं. ती हे इतकी वर्षं मनात धरून आहे हे मात्र त्याला माहीत नव्हतं. तोही रडला, सगळ्या वाडीसमोर.

मग शेवंतीनं डोळे पुसले आणि ती विहिरीच्या दगडी पायरीवर बसली, मांडी घालून. "द्या इकडे," ती म्हणाली.

"काकू, पाण्याबाहेर फार वेळ नाही..."

"फार वेळ नकोच आहे मला."

संघमित्रानं क्षणभर विचार केला. मग तिनं आणि हरेश्वरनं ओल्या लुगड्यात गुंडाळलेला तो मासा तिच्या मांडीवर ठेवला. शेवंतीनं दोन्ही हात त्याच्याखाली घातले. दौलत बघत होता. लुगड्यातून जाड ओठ तेवढे दिसत होते, उघडमीट करणारे, चेहऱ्यावर तोच रागावलेला भाव. संघमित्रा तांब्यानं त्याच्या तोंडावर पाणी सोडत होती.

"आता ओटी कशी भरायची गो?" मागून कुणीतरी विचारलं. "मुलग्याची भरतात का?"

तेवढ्यात आनंदीबाई उठल्या. गुडघ्यांवर हात देत देत त्या ताटापाशी आल्या, ताट उचललं आणि शेवंतीसमोर उभ्या राहिल्या.

"पदर पसर," त्या म्हणाल्या.

"माझा?"

"मग कुणाचा? पोर मांडीवर आहे ना? मांडीवर पोर असलं की आईची ओटी भरतात. एवढं तरी मला कळतं." आणि त्यांनी शेवंतीला कुंकू लावलं, तिच्या पदरात नारळ घातला, खण घातला, ओंजळीनं तांदूळ घातले. थोडे तांदूळ माशाच्या अंगावर सांडले. ते तसेच राहिले.

त्याला टेम्पोतल्या टाकीत सोडलं. हवेच्या यंत्रानं पाणी उसळायला लागलं तसा तो हळूहळू सावरला आणि त्या बुडबुड्यांकडे तोंड करून उभा राहिला. शेवंती टेम्पोत चढायला लागली.

"तू कुठे?" दौलतनं विचारलं.

"त्याच्याबरोबर. टाकीत चार दिवस राहायचं म्हणतात तर राहीन चार दिवस. मग कोंडात सोडून येईन. पायरीवर मीच बसणार, आणि विचारू दे कुणाला काय विचारायचं ते."

"टाकीत तो राहणार आहे, तू नाही."

"तेच ते," ती म्हणाली. "तुम्ही इथंच थांबा, वाडीला पेढे वाटा. मुलगा झाला की पेढे वाटतात."

टेम्पो वाडीच्या तोंडाशी वळला आणि गेला. दौलत विहिरीशी परत आला. नळ तसाच चालू राहिला होता, धार रिकाम्या पाण्यात पडत होती. त्यानं तो बंद केला. गावी फोन लावून आनंदाला सगळं सांगितलं, सांगता सांगता त्याचं स्वतःचंच तीनदा चुकलं. आनंदानं फक्त एक विचारलं, "निघताना मांडी भरलेली होती ना?"

"होती," दौलत म्हणाला.

"मग झालं की. या म्हनावं वहिनीला."

हे बरोबर झालं की नाही, देवीला चालेल की नाही, त्या माशाला नदी कळेल की नाही, यातलं काहीच दौलतला कळत नव्हतं. पण पेढे आणायचे होते, तेवढं स्पष्ट होतं. तो कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे गेला.

"पेढे? अरे वा, दौलतशेठ!" मिठाईवाला खोका उघडत म्हणाला. "कुणाला झालं? मुलगा?"

"मुलगा," दौलत म्हणाला.

"वजन वगैरे चांगलं आहे ना?"

"नऊ किलो."

मिठाईवाल्याचा हात पेढ्यांवर थांबला. त्यानं वर पाहिलं. दौलतचे डोळे भरून आले होते, आणि तो हसत होता.

"आजच गावी गेला," दौलत म्हणाला. "त्याची आई गेलीय सोडायला."